जाऊन ये

मुरुम, १२ नोव्हेंबर २०२४

ईरण्णा,

वर 'चि.' नाही आणि 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत. मी बोलते आहे आणि मेहनाज तिच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून टाइप करते आहे. तिनं दोनदा विचारलं, आशीर्वाद राहिले का. राहिले नाहीत, मी दिले नाहीत, असं तिला सांगितलं.

तुझं रजिस्टरचं पाकीट पोचलं. अव्वाला माती देऊन तिसऱ्या दिवशी तू पुण्याला गेलास, त्याला सात महिने झाले. तेवढ्या काळात तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू. मला वेडीला वाटलं, पत्र असेल. मेहनाजनं फोडलं तर एकच छापील कागद निघाला आणि खाली पेन्सिलची फुली, सही इथं करावी म्हणून. आंधळीसाठी पेन्सिलची फुली. बोललेल्या शब्दावर चालणारी एवढी हुशार चाकाची खुर्ची बनवणाऱ्याला हे कसं सुचलं, याचं मला हसू आलं.

कागद मेहनाजनं दोनदा वाचला. 'दि. १८ फेब्रुवारी रोजी प्रात्यक्षिकादरम्यान वापरकर्तीने अनवधानाने "ये" ही आज्ञा दिल्यामुळे खुर्चीने दिशा बदलली व वापरकर्तीच्या मातोश्रींना इजा झाली. यंत्रणेत कोणताही दोष नव्हता.'

वापरकर्ती म्हणजे मी. मातोश्री म्हणजे आपली अव्वा, रुद्रम्मा. तुझीही ती मातोश्रीच होती, पण कागदात ती एकट्या माझी झाली आहे. आणि 'इजा झाली'? ओट्यावरून पडून खुबा मोडला, त्रेपन्न दिवस उताणी पडून राहिली, पाठीला जखमा झाल्या आणि गेली. माझं पोट लोकांचे अर्ज सांगण्यावर चालतं. तलाठ्यापासून वीज कंपनीपर्यंत कोणाला काय आणि कसं लिहायचं, हे मुरुमात लोक मला विचारतात. असा कागद कशासाठी लिहितात, हे मला कळत नाही असं तुला वाटलं का?

मला सही करता येते, हे तुला माहीत आहे. डोळे पूर्ण गेले तेव्हा कागदावर फूटपट्टी ठेवून तूच शिकवली होतीस. 'अक्का, पट्टीच्या काठानं चाल, पडणार न्हाईस,' म्हणायचास. तेव्हा तू अकरावीत होतास आणि तुझ्यावर माझा फार जीव होता. पुढं जिन्यावरून पडून माझं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या खाटेपाशी बसून तू म्हणाला होतास, मी तुला चालवीन. तू शब्द पाळलास, हेही मी विसरलेले नाही. म्हणूनच हा कागद जास्त लागला.

सही करणार नाही. फोन तू उचलत नाहीस, बोललेलं रेकॉर्ड होतं या भीतीनं. म्हणून हे लेखी.

अक्का

मुरुम, ३० नोव्हेंबर २०२४

ईरण्णा,

मला नाही, मेहनाजच्या दुकानाच्या नंबरवर निरोप पाठवलास. 'अक्काला सांगा, खुर्चीतल्या नोंदीत "ये" हा शब्द आलेला आहे. आणि तो शब्द अक्कानंच दिलेला होता.' निरोप वाचून दाखवताना मेहनाजचा आवाज उतरला. तिला वाटलं, आता मी रडेन.

खरंच आहे, शब्द मीच दिले. तू 'पुढे चला', 'मागे फिरा' अशी वाक्यं घेऊन आला होतास. मी म्हटलं, बाबा, मला बाजारात जायचं आहे, कवायतीला नाही. जा, थांब, डावं, उजवं आणि ये, इतकंच पुरे. 'ये' तर मला हवाच होता. तुझी खुर्ची कोपऱ्यात चार्जिंगला लागलेली आणि मी पलंगावर. मधलं अंतर चार पावलांचं, पण माझ्यासाठी ते पुण्याइतकं लांब. सकाळी मी 'ये' म्हणायचं आणि खुर्चीनं माझ्या आवाजाकडं यायचं. पहिल्या दिवशी ती घरघरत आली आणि पलंगाला लागून उभी राहिली, तेव्हा मी तिच्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी मी बोलावल्यावर आलं होतं.

पण पलंगही तिला अडथळाच वाटायचा, म्हणून ती वीतभर आधीच थांबायची आणि मला पोचता यायचं नाही. मग तू तिला शिकवलंस की 'ये' म्हटल्यावर जिकडून आवाज येईल तिकडं अगदी लागून जायचं. हाक मारणारा अडथळा नसतो, हे तू खुर्चीला शिकवलंस. एरवी तिला म्हैस, नगरसेवक आणि अव्वा सगळे सारखेच. 'पुढे तीन फुटांवर अडथळा,' म्हणायची. अव्वा चिडायची. 'म्या काय अडथळा हाय व्हय गं?' म्हणायची आणि मुद्दाम परत समोर येऊन उभी राहायची.

चाळीस दिवस मी त्या खुर्चीतून एकटी मेहनाजच्या दुकानात गेले. गिरणीचा आवाज डाव्या कानाला आला की समजायचं अर्धं अंतर झालं. वाटेत कोणी ढकलत नव्हतं, कोणी वरच्या वर 'हिला कुठं न्यायचं?' असं विचारत नव्हतं.

आता नोंदीबद्दल. नोंदीत शब्द असतो, ईरण्णा, तोंड नसतं. खुर्ची फक्त माझाच आवाज ऐकायची, तसं तू तिला बांधून ठेवलं होतंस. त्या दिवशी सकाळी तू माझ्यापाशी उकिडवा बसून हळूच म्हणालास, 'अक्का, आज पाहुण्यांना पण खुर्ची चालवून बघायची हाय. आजच्यापुरता सगळ्यांचा आवाज खुला ठेवतो.' मी बरं म्हटलं. हे आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या कागदात नाही म्हणून सांगते. मी ओट्यावर, खुर्चीचं तोंड उताराकडं. खाली रस्त्यावर पुण्याहून खुर्ची बघायला आलेले तुझे पाहुणे आणि व्हिडिओवाला. अव्वानं माझ्या कपाळाला विभूती लावली. व्हिडिओवाला म्हणाला, आजी, थोडं मागं सरका. ती मागं सरकली, ओट्याच्या अगदी काठाला. मग रोज म्हणायची तसं म्हणाली, 'होगि बा.' जन्मभर घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला ती तेच म्हणत आली. घरात मराठी बोलायची, शिव्याही मराठीत द्यायची, पण निरोप देताना तिच्या माहेरची कानडी तोंडात यायची. खुर्ची हलली नाही. तिला कानडी येत नव्हती.

आणि तू खालून ओरडलास, 'अव्वा, मराठीत म्हण की. लोकान्ला कळाय पाहिजे. परत एकदा घिऊ.'

अव्वाला लाज वाटली, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. पाहुण्यांसमोर लेकानं टोकलं. मग शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तसं एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, 'जाऊन ये, बाई.'

तू सगळ्यांना अभिमानानं सांगायचास, माझी खुर्ची वाक्यातूनही शब्द उचलते. तिनं उचलला. त्यातला 'ये' उचलला. अव्वानं बोलावलं म्हणून खुर्ची मला घेऊन वळली आणि अव्वाकडं गेली, अगदी लागून.

अव्वा कानडीतच बोलली असती तर आज जिवंत असती. माझ्या तोंडून 'ये' निघालं नाही. आणि हे मी नऊ महिने कोणाला सांगितलं नाही, कारण दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझा हात धरून म्हणाला होतास, 'अक्का, आत्ता काय बोलू नको. सगळं बुडंल. नंतर म्या सांगतो सगळ्यांला.' मातीला आलेल्या बायका माझ्या देखत बोलल्या की पोरीनं स्वतःच्या तोंडानं आईला पाडलं. तू तिथंच उभा होतास. तुझ्या बुटांचा आवाज मी ओळखते. तू काही बोलशील म्हणून मी वाट पाहिली.

'नंतर' कधी येणार होतं, एवढंच कळव.

अक्का

मुरुम, २१ डिसेंबर २०२४

ईरण्णा,

हे पत्र लहान आहे. मेहनाजला सांगितलं आहे की मध्ये काही विचारू नको.

सिताबाई, जी सकाळ-संध्याकाळ माझं करायला येते, ती भाच्याच्या लग्नाला भूमला गेली होती. तीन दिवस. मेहनाज दुपारी दुकान लोटून घटकाभर यायची. बाकी वेळ मी पलंगावर. या तीन दिवसांत मी पाणी मोजून प्यायले. का, ते तुला सांगायला नको. लोक म्हणतात मी तापट आहे. तहान लागलेली असताना तांब्या हाताशी ठेवून न पिता बसून बघ, तुझंही डोकं ताळ्यावर राहणार नाही.

तुझ्या दुसऱ्या निरोपात लिहिलं आहेस की खुर्ची विकायला परवानगी देणाऱ्या समितीची मान्यता मिळाली तर पहिली खुर्ची माझ्याकडंच येईल, आणि मान्यता त्या एका कागदासाठी अडली आहे. अव्वाच्या मातीनंतर तू खुर्ची 'तपासणीला' म्हणून नेलीस, तेव्हा हेही म्हणाला होतास की आठवड्यात परत आणतो.

एक गोष्ट मी गेल्या पत्रात सांगितली नाही. मेहनाजलाही आत्ताच कळते आहे, तिची बोटं थांबली आहेत.

खुर्ची वळायला लागली, तेव्हा मला कळलं होतं. वळून ती अव्वापर्यंत पोचायला तीन-चार क्षण लागले असतील. 'थांब' एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. तो शब्द मीच दिलेला, चाळीस दिवस घोकलेला. मी 'थांब' म्हणाले नाही. घाबरून मी 'अव्वा' म्हणाले. माणूस घाबरला की आईलाच हाक मारतो. खुर्चीला तो शब्द माहीत नव्हता. मी परत 'अव्वा' म्हणाले. मग खुर्चीच्या पुढच्या, पाय ठेवायच्या पायट्याला काहीतरी लागलं आणि खाली पडल्याचा आवाज आला.

म्हणून तुझा कागद अगदीच खोटा आहे असं मी रोज सकाळी म्हणू शकत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, माझीच चूक. तू शब्द चुकीचा लिहिला आहेस, एवढंच. 'ये' म्हणाले म्हणून नाही, 'थांब' म्हणाले नाही म्हणून.

खुर्ची पाठव. मी सही करते. मी थकले.

शिवरंजनी

मुरुम, ९ जानेवारी २०२५

ईरण्णा,

दोन तारखेला तुझी खुर्ची आली. तू येशील असं वाटलं होतं. भागवत नावाचा टेम्पोवाला आला. चांगला माणूस. खुर्ची आत आणून ठेवली, कागदांचं पाकीट सिताबाईच्या हाती दिलं आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, आठ दिवसांनी सही केलेला कागद घेऊन जायचा. साहेब म्हणजे तू, हे कळायला मला जरा वेळ लागला. सही मिळाली नाही तर काय, असं मी विचारलं. 'मग खुर्ची घिऊन जायाची म्हनले, ताई,' असं खाली मान घालून म्हणाला असावा. आवाज जमिनीकडून आला.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला सुख लागलं. खुर्चीनं 'नमस्कार, शिवरंजनी' म्हटलं. तिचा आवाज तोच होता. मी दुकानात गेले, परत आले, पुन्हा गेले. काही काम नव्हतं. दोन तांबे पाणी प्यायले. पेनही काढून ठेवलं होतं आणि तुझी जुनी फूटपट्टीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून मी म्हटलं, 'ये.'

खुर्ची आली नाही. वाटलं, वायर निघाली असेल. पण तिचा तो बारीक गुणगुणता आवाज येत होता, म्हणजे ती जागी होती. मी मोठ्यानं म्हटलं. मग वासराला बोलावतात तसं, 'ये गं, ये,' म्हटलं. एकाच जागी उभी. पंधरा मिनिटं मी त्या खुर्चीला बोलवत होते. सिताबाई आली आणि दारातच थांबली. तिला वाटलं, मी अव्वाला बोलावते आहे.

दुकानातून मेहनाजला बोलावलं. पाकिटात एक लहान पुस्तिका होती, ती तिनं वाचली. 'ये' हा शब्द यादीत नाही. त्याच्या जागी 'खुर्ची, इकडे' असे दोन शब्द आहेत. ते म्हटल्यावर ती आली, पण पलंगापासून वीतभर आधी थांबली आणि विचारलं, 'अगदी जवळ येऊ का?' मी हो म्हटल्यावरच लागून उभी राहिली. मेहनाजनं तिला 'जा' म्हणून पाहिलं, 'डावं' म्हणून पाहिलं. ती तिचं काहीच ऐकेना. पुस्तिकेत पान चारवर लिहिलं आहे, 'सुरक्षेसाठी ही खुर्ची एकाच नोंदवलेल्या आवाजाला प्रतिसाद देते. ही सोय कोणत्याही परिस्थितीत बंद करता येत नाही.' ते वाक्य मी मेहनाजला तीनदा वाचायला लावलं.

फार चांगलं काम केलंस. मनापासून सांगते. कोणीतरी दारात लेकीला 'जाऊन ये' म्हणेल आणि काही होणार नाही. एकेक भोक शोधून बुजवलं आहेस. म्हणजे या आठ-नऊ महिन्यांत तू रोज बसून त्या सकाळचा विचार केला असशील. कोणाचा आवाज होता, कोणी खुला ठेवला, कोणता शब्द होता, सगळं तुला एकूण एक पाठ आहे. यंत्रणेत दोष नव्हता म्हणतोस, मग दुरुस्ती कशाची केलीस?

खुर्चीसमोर तू चूक कबूल केलीस, ईरण्णा. माझ्यासमोर तुला जमलं नाही.

तुझं म्हणणं असेल की खुर्ची चांगली झाली ना, ती शेकडो लोकांना उपयोगी पडेल, मग एका कागदानं काय बिघडतं? मी यावर सहा दिवस विचार केला. रागानं निर्णय घेतला असं म्हणू नकोस. मेहनाज मला म्हणाली, 'कर सही आणि ठेव खुर्ची. तेरा भाई झूटा, तो तू काय को भुगतनेका?' ती माझ्या बाजूनं बोलत होती आणि तिचं चुकतही नव्हतं. पण त्या खुर्चीत बसून बाजारातून जाताना मला प्रत्येक वेळी त्या बायका आठवतील आणि या वेळी त्यांचं म्हणणं माझ्या सहीनं खरं झालेलं असेल. चालायला पाय मिळतील, पण अव्वाचं नाव घ्यायला तोंड राहणार नाही.

समितीचा पत्ता तुझ्याच कागदावर होता. मी सही केली आहे, पण माझ्या कागदावर. काल मेहनाजनं तो रजिस्टर केला. त्यात अव्वाचं 'होगि बा' आहे, तुझं 'परत एकदा घिऊ' आहे, खुला ठेवलेला आवाज आहे. मी 'थांब' म्हणाले नाही, तेही आहे. नवी खुर्ची चांगली आहे आणि तिला मान्यता द्यावी, हेही शेवटी लिहिलं आहे. अर्ज सांगणारीनं स्वतःसाठी सांगितलेला हा पहिलाच अर्ज. फूटपट्टी नीट धरली होती. सही पट्टीच्या काठावरून एकदाही खाली घसरली नाही.

आज आठवा दिवस. मी घरून खुर्चीतून एकटी मेहनाजच्या दुकानापर्यंत आले. गिरणी आज बंद होती, तरी चुकले नाही. भागवत इथंच आला. खुर्ची त्यानं टेम्पोत चढवली, सही न केलेला तुझा कागद पाकिटात घातला. आता मी दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे सांगते आहे. संध्याकाळी सिताबाई जुनी ढकलखुर्ची घेऊन येईल. पाणी मी सकाळपासून जपूनच प्यायले आहे.

निघताना भागवत म्हणाला, 'येतो, ताई.' मी त्याला 'या' म्हटलं. अनोळखी माणूस, पुन्हा कधी भेटायचा नाही, पण निघणाऱ्याला दुसरं काही म्हणायचं नसतं, हे अव्वानं आपल्या दोघांनाही शिकवलं होतं.

तू तीन वेळा आपल्या घरातून गेलास. शिकायला, नोकरीला आणि अव्वाला माती देऊन. पहिल्या दोन वेळा ती दारात होती, तिनं तुला 'होगि बा' म्हटलं. तिसऱ्या वेळी म्हणायला मी होते, पण तू न सांगता निघालास. ते म्हणायचं राहून गेलं होतं, म्हणून आज म्हणते.

जा, ईरण्णा.

शिवरंजनी